गटिंगचं यंत्र घरी आणताना

शनिवारी संध्याकाळी तार तुटते आणि रविवारी सकाळी मॅच असते, हा रॅकेटच्या खेळांचा जुना शिरस्ता. नागपुरात मग सीताबर्डीच्या किंवा घराजवळच्या खेळाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. तिथे गटिंग करणारा मुलगा गावाला गेलेला असतो, नाहीतर आधीच्या आठ-दहा रॅकेट रांगेत असतात, नाहीतर हवी ती स्ट्रिंग नेमकी संपलेली असते. ज्या घरात दोन मुलं स्पर्धा खेळतात तिथे हे इतक्यांदा होतं की रात्रीच्या जेवणाला कधीतरी विषय निघतोच : यंत्रच घेऊन टाकलं तर?

नागपूरला या खेळांचं वेड नवं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालने सिंधूला हरवलं. दुसरा गेम २७-२५ पर्यंत लांबला होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये याच शहरातल्या मालविका बनसोडने दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये सायनाला २१-१७, २१-९ असं नमवलं, आणि २०२४ मध्ये जर्मनीतल्या हायलो ओपनची अंतिम फेरी गाठली. टेनिसची वर्दळ रामनगरच्या कोर्टांवर आणि सिव्हिल लाइन्सच्या क्लबांत. थोरली टेनिस खेळते आणि धाकटा बॅडमिंटन, अशीही घरं आहेत. यंत्र घेताना नेमकी हीच गोष्ट आडवी येते; तिच्याकडे पुढे येऊच.

आधी हिशेब. टेनिसमध्ये एक ढोबळ नियम सांगतात : आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग बदला. म्हणजे सकाळच्या बॅचला आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्या काकांना वर्षाला तीनदा. त्यांनी यंत्र घेणं ही निव्वळ हौस, आणि हौसेला मोल नसतं हे मान्य करून पुढे जावं. रोज दोन-दोन तास खेळणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. समजा दोन मुलं, प्रत्येकाच्या दोन रॅकेट, आणि दर महिन्याला प्रत्येकीचं गटिंग. वर्षाला ४८ झाले. मजुरी ३०० रुपये धरली आणि यंत्र ३०,००० ला पडलं, तर शंभर रॅकेटनंतर, म्हणजे दोन वर्षांनी पैसे वसूल. शिवाय सुट्या पाकिटाऐवजी २०० मीटरचं रीळ घेता येतं. टेनिसच्या एका रॅकेटला सुमारे १२ मीटर स्ट्रिंग लागते, बॅडमिंटनला १०. एका रिळातून टेनिसच्या सोळा किंवा बॅडमिंटनच्या वीस रॅकेट निघतात आणि दर रॅकेटमागे बऱ्यापैकी पैसे वाचतात. या हिशेबात आई-वडिलांपैकी कुणाचे तरी रविवारचे दोन तास धरलेले नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं.

आता यंत्राकडे. दुकानदार असो की ओळखीतला जाणकार, पहिला प्रश्न एकच विचारतो : इलेक्ट्रॉनिक हवं की हाताचं? प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न रॅकेट यंत्रात कशी बसते हा, आणि दुसरा ओढलेली तार कशी धरून ठेवली जाते हा.

रॅकेट बसवण्याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत पाहावं. टेनिसच्या नेहमीच्या रॅकेटमध्ये १६ उभ्या तारा असतात आणि १८ ते २० आडव्या. विणण्याची रीत बाजेसारखीच : आधी सगळ्या उभ्या ओढून घ्यायच्या, मग आडव्या एक वर, एक खाली अशा घालायच्या. प्रत्येक उभी तार ५५ पाउंडांनी, म्हणजे २५ किलोंनी ओढली, तर सोळा तारा मिळून फ्रेमचा वरचा आणि खालचा भाग ४०० किलोंच्या जोराने एकमेकांकडे खेचतात. आडव्या तारा पडेपर्यंत या जोराला तोलणारं फ्रेममध्ये काहीच नसतं. डोकं आखूड होऊ पाहतं, बाजूने फुगतं. बॅडमिंटनची रॅकेट तर ८० ते ८५ ग्रॅमची काडी. तिच्यावर २४ पाउंडांच्या २२ उभ्या तारा म्हणजे साधारण २४० किलो. या मधल्या अर्ध्या तासात फ्रेमला सावरून धरायचं काम यंत्राचं.

स्वस्त यंत्रात रॅकेट दोनच ठिकाणी धरली जाते, डोक्याला आणि गळ्याशी. बऱ्या यंत्रात सहा ठिकाणी : वर-खाली दोन आणि दोन्ही खांद्यांना बाहेरून चार आधार. टेनिसची दणकट फ्रेम दोन आधारांवरही निभावून जाते. कित्येक जुने गटिंगवाले आयुष्यभर तसंच करत आले आणि त्यांच्या हातून रॅकेट मोडल्या नाहीत. बॅडमिंटनसाठी मात्र सहा आधारांचंच यंत्र घ्यावं. मुलगा २८ पाउंडांचा हट्ट धरत असेल तर दुसरा विचारही नको.

तार धरून ठेवते ती क्लॅम्प. खेचणारा भाग एक तार ओढतो, क्लॅम्प ती चिमटीत पकडते, मग पुढची ओढायची. ही चिमटी सरकली की ओढलेलं टेन्शन हवेत विरलं. क्लॅम्प दोन जातींच्या. एक तरंगती : ती शेजारच्या तारेलाच चावून उभी राहते. साधी, हलकी, स्वस्त, पण ताण आला की थोडी कलतेच, आणि दर वेळी थोडं टेन्शन खाते. दुसरी पक्की : ती यंत्राच्या पायाला घट्ट बसवलेली असते, हवी तिथे सरकवून कुलूपबंद करता येते. यंत्रांच्या किमतीत जो फरक दिसतो त्यातला बराचसा इथून येतो, आणि पैसे घालायची योग्य जागाही हीच. मोटार असलेल्या पण ढिल्या क्लॅम्पच्या यंत्रापेक्षा बिनमोटारीचं, पक्क्या क्लॅम्पचं यंत्र केव्हाही सरस. दुकानात बघायला मिळत असेल तर क्लॅम्प बंद करून हाताने हलवून पाहावी. ती डुगडुगली तर पुढचं वैशिष्ट्य-पुराण ऐकत बसू नये.

मग येतो खेचण्याचा प्रश्न. त्याचे तीन मार्ग आहेत.

सर्वांत साधं ते ड्रॉप-वेट. एक दांडा, त्यावर पुढे-मागे सरकणारं वजन. वजन जितकं टोकाकडे तितकं टेन्शन जास्त. दांडा सोडला की तो खाली येतो आणि तार ताणतो. तो आडवा, जमिनीला समांतर थांबला की खुणेवरचा आकडा खरा. दांडा थोडा तिरपा राहिला तर काय, या धास्तीने नवशिके घामाघूम होतात. भूमितीचं उत्तर दिलासा देणारं आहे : दहा अंश तिरपा असला तर फरक दीड टक्क्याचा, २५ किलोंत चारशे ग्रॅमच्या आतला. वीस अंशांना मात्र सहा टक्के होतात, तेव्हा दांडा उचलून पुन्हा लावायचा. या यंत्राला वीज लागत नाही, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, आणि गुरुत्वाकर्षणाला सर्व्हिस सेंटर लागत नाही. तार सैलावली तरी वजन तिला ओढतच राहतं, हा मोठा गुण. दोष एकच, वेळ. आडव्या-उभ्या मिळून पस्तीसेक ताणण्या, प्रत्येकीला दांडा खाली-वर. लहान मुलं घरात असतील तर तो दांडा पोराच्या डोक्याच्या उंचीवर येत नाही ना, हेही बघावं.

दुसरं क्रँकचं. हँडल फिरवलं की आतली स्प्रिंग दाबली जाते, ठरलेलं टेन्शन आलं की खट्कन कुलूप लागतं. काम झपाट्याने होतं, म्हणून दुकानांत ही यंत्रं वर्षानुवर्षं टिकून आहेत. पण कुलूप लागल्यावर यंत्र थांबतं आणि तार मात्र सैलावत राहते. त्यामुळे ५५ ला लावलेलं गटिंग हातात ५०-५२ सारखं लागतं. ड्रॉप-वेटवरून क्रँकवर येणारे आकडा पाच ते दहा टक्के वाढवून घेतात. शिवाय हँडल किती झटकन फिरवलं यावरही निकाल थोडा बदलतो. आज वडिलांनी केलं आणि पुढच्या महिन्यात काकांनी, तर मुलीला दोन वेगळ्या रॅकेट हातात आल्यासारखं वाटू शकतं.

तिसरं इलेक्ट्रॉनिक. बटण दाबायचं, मोटार ओढते, तार सैलावली तर पुन्हा ओढून आकड्यावर आणते. दिवसाला दहा-बारा रॅकेट करणाऱ्याला याला पर्याय नाही. घरात मात्र दोनदा विचार करावा. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे कूलर-एसी एकदम सुरू झाले की दिव्यांची ज्योत कशी मंदावते ते इथल्यांना सांगायला नको. नेमकी एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं आणि स्पर्धाही असतात. चांगला स्टॅबिलायझर घेतला तर काम निभतं, पण तोही खर्च धरूनच चालावं. बोर्ड जळाला तर सुटा भाग कुठून येणार, किती दिवसांनी येणार, हे विकत घेण्याआधी विचारावं. उत्तर ‘बघू, मागवून देऊ’ असं आलं तर त्याचा अर्थ नागपूरकरांना कळतो.

न्यू जर्सीतला भाऊ दिवाळीला येताना यंत्र घेऊन येतो म्हणाला, तर त्याला दोन गोष्टी कळवाव्यात. अमेरिकेतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र ११० व्होल्टचं असू शकतं, आपल्या भिंतीत २३० आहेत. आणि विमानात एका बॅगेला सहसा २३ किलोंची मर्यादा असते. टेबलावरचं ड्रॉप-वेट त्यात बसू शकतं, स्टँडवालं इलेक्ट्रॉनिक नाही.

आता थोरली टेनिसवाली आणि धाकटा बॅडमिंटनवाला. जाहिरातीत लिहिलेलं असतं की यंत्र दोन्ही खेळांना चालतं. खेचण्यापुरतं ते खरं आहे. क्लॅम्पच्या बाबतीत बरेचदा नाही. टेनिसची स्ट्रिंग १.२५ ते १.३० मिलिमीटर जाड, बॅडमिंटनची ०.६५ ते ०.७०, आणि तिच्या तारा एकमेकींना खेटून. क्लबात सर्रास चालणारी योनेक्सची बीजी ६५ घ्या, ती ०.७० ची. टेनिससाठी बनवलेली क्लॅम्प या तारांच्या मधे शिरतच नाही, आणि शिरली तर बारीक तार तिच्या जबड्यातून सुळकन निसटते. म्हणून विकत घेताना विचारायचं ते इतकंच की बॅडमिंटनच्या क्लॅम्प वेगळ्या मिळतात का, की एकाच क्लॅम्पचा जबडा स्क्रूने कमी-जास्त होतो. दुसऱ्या प्रकारात दर वेळी खेळ बदलला की स्क्रू फिरवून जुळवणी करावी लागते. ती विसरली की एकतर तार सरकते किंवा चिरडते. घरात दोन्ही खेळ समान असतील तर क्लॅम्पचा दुसरा जोड घेऊन ठेवणं बरं.

यंत्रावरच्या आकड्यावर मात्र कुणी आंधळा विश्वास ठेवू नये, मग यंत्र कितीही महाग असो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की उपकरणात दोष होता. पडद्यावर आकडा चमकला म्हणून तो खरा ठरत नाही. उपाय स्वस्त आहे. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्यावा, स्ट्रिंगचा एक तुकडा एका बाजूने काट्याला बांधून दुसऱ्या बाजूने यंत्राला लावावा, यंत्र २५ किलोंवर ठेवून ओढावं आणि काटा काय म्हणतो ते पाहावं. काट्याची आधी घरातल्या पाच किलोंच्या सीलबंद पिशवीवर परीक्षा घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी हे एकदा केलं की पुरतं.

खरं तर घरगुती गटिंगला आकडा अचूक असण्यापेक्षा तो दर वेळी तोच येणं जास्त मोलाचं. यंत्र कायमच एक किलो कमी ओढत असेल तर मुलगी ५५ ऐवजी ५७ सांगायला शिकते आणि प्रश्न मिटतो. आज कमी, उद्या जास्त असं झालं तर तिच्या फटक्याची लांबी तिलाच कळेनाशी होते. मुळात ‘योग्य’ टेन्शन असं काही नसतंच. बियॉन बोर्ग लाकडी रॅकेटला ८० पाउंडांच्या आसपास आवळून घेई. रात्री न वापरताच तारा तुटत. आजचा फ्रेंच खेळाडू आद्रियाँ मानारिनो २५ पाउंडांच्याही खाली खेळतो आणि पहिल्या पंचविसांत येऊन गेला. साध्या घराने रॅकेटच्या गळ्याशी किंवा दांड्याजवळ छापलेली मर्यादा पाळावी आणि मधल्या आकड्यापासून सुरुवात करावी. ती मर्यादा ओलांडली आणि फ्रेम चिरली, तर कंपनी वॉरंटी मानत नाही.

स्ट्रिंगची निवड यंत्राशी निगडित आहे, कारण घरी गटिंग करण्याची गरज तीच ठरवते. प्राण्यांच्या आतड्यापासून बनणारी नैसर्गिक गट १८७५ पासून फ्रान्समधल्या लियाँ शहरात बाबोलातने टेनिससाठी बनवली. ती अजूनही मिळते, अजूनही उत्तम, आणि आपल्या पावसाळी दमटपणात अजूनही लवकर खराब होते. सर्वांना परवडते ती नायलॉन. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तेनने बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि पुढे जगभरच्या पोरांनी पॉलिएस्टर धरली. तिच्यामुळे चेंडूला फिरकी जोरात बसते. पण ती कडक असते, कोपराला त्रास देते, आणि तुटायच्या कितीतरी आधी मरते, म्हणजे जाळी दिसायला शाबूत आणि टेन्शन गेलेलं. दुकानात नेऊन ‘तुटली नाही तरी काढून टाका’ म्हणायला आई-वडिलांचा जीव होत नाही, म्हणून मुलं मेलेल्या तारांनीच महिनोन्महिने खेळत राहतात. घरचं यंत्र खरं उपयोगी पडतं ते या बाबतीत. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र नायलॉनच द्यावी.

नागपूरच्या उन्हाचा एक हिशेब अजून राहिला. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत रॅकेट ठेवली तर तारा तापून नरम पडतात आणि टेन्शन कायमचं उतरतं. नवं कोरं गटिंग एका दुपारीत जुनं होतं. उन्हाळ्यात चेंडूतली हवाही तापून तो जास्त उसळतो, म्हणून इथले बरेच खेळाडू एप्रिलपासून एक-दोन पाउंड वाढवून घेतात आणि दिवाळीनंतर पुन्हा खाली येतात. घरी यंत्र असलं की ही अदलाबदल सोपी होते. एक वही ठेवावी : तारीख, कुणाची रॅकेट, कोणती स्ट्रिंग, उभं किती, आडवं किती. मूल तक्रार करेल तेव्हा वादाला आधार मिळतो.

पहिली रॅकेट मात्र स्पर्धेची नसावी. माळ्यावरची एखादी जुनी काढावी आणि दोनदा विणून कापून टाकावी. सरावलेला गटिंगवाला अर्ध्या तासात काम संपवतो, नवशिक्याला दोन-अडीच तास धरून चालावं. उभ्या तारा ओढताना एका बाजूला दोन-तीनपेक्षा जास्त पुढे जायचं नाही, नाहीतर फ्रेम तिरपी होते. आडवी तार ओढून घेताना ती उभ्या तारेवर एकाच जागी घासली की खाच पडते. हाताने ती वर-खाली हलवत न्यायची. सोबत एक आरी, चिमटा-पक्कड आणि कटर लागेल. यंत्र कमरेच्या उंचीच्या, न डुगडुगणाऱ्या टेबलावर असावं. पलंगावर ठेवून, वाकून, मोबाईलवर व्हिडिओ बघत केलेलं पहिलं गटिंग पाठीत लक्षात राहतं.

महिन्याभरात शेजाऱ्यांना कळतं. मग कुणी एक रॅकेट देतं, कुणी तीन, आणि मजुरी किती घेणार हे विचारतं. घ्यावी, फुकटच्या कामाची किंमत राहत नाही आणि स्ट्रिंगचे पैसे तर खिशातून गेलेलेच असतात. पण दुसऱ्याची रॅकेट यंत्रात चढवण्याआधी जुन्या तारा मधून कापून, फ्रेमवर नख फिरवून बघावं. रंगाखालची बारीक चीर नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. सापडली तर मालकाला बोलावून दाखवावी, मोबाईलवर फोटो काढावा आणि ‘तरीही कर’ असं त्याने म्हटल्यावरच हात घालावा. छिद्रांतले प्लास्टिकचे ग्रोमेट तुटलेले असतील तर तेही आधीच सांगावं, कारण नवी तार त्या धारदार कडेवर दोन दिवसांत तुटते आणि दोष गटिंग करणाऱ्याच्या माथी येतो.